पंख धड, उड्डाण बंद : तासगावच्या द्राक्षबागेतल्या शिक्रा मादीचं प्रकरण

तासगाव तालुक्यातली काढणीला आलेली सोनाका द्राक्षांची बाग. साळुंक्या, बुलबुल आणि थंडीत येणाऱ्या भोरड्यांपासून घड वाचवायला मांडवावर जाळी टाकलेली. जाळीच्या सैल कडेने आत शिरलेल्या चिमण्यांच्या मागे एक शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) मादी ओळींमधून जमिनीलगत सुसाट आली आणि ओळीच्या टोकाला, शेवटचा खांब मागे ओढून धरणाऱ्या तिरक्या ताणतारेवर आदळली. रक्त नाही, जखम नाही, पीस तुटलेलं नाही. पक्षी पायावर उभा होता, पण उजवा पंख खांद्याच्या वर जात नव्हता.

मजुरांनी टॉवेल टाकून तिला धरलं, ते बरोबरच केलं. चूक त्यानंतर झाली. फडफडू नये म्हणून टॉवेल छातीभोवती गच्च गुंडाळून वरून सुतळी बांधली गेली. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून पक्षी सांगलीत पशुवैद्यकाकडे पोहोचला, तेव्हा चोच उघडी होती आणि प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली होत होती. "पंख मोडलाय, डॉक्टरसाहेब, बाकी कुठं लागलेलं नाही," असं बागायतदारांचं सांगणं. प्रत्यक्षात पंखातलं एकही हाड मोडलेलं नव्हतं. मोडलं होतं ते छाती आणि खांद्याच्या मधलं हाड. आणि धाप लागली होती ती त्या मोडण्याने नव्हे, सुतळीने. सुतळी कापून पक्षी अंधाऱ्या पेटीत ठेवल्यावर दहा मिनिटांत चोच मिटली.

सुतळीने श्वास का अडला

पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, नसतं. फुप्फुसं लहान, घट्ट आणि बरगड्यांना चिकटलेली असतात, त्यांचा आकार श्वासागणिक जवळजवळ बदलत नाही. हवा खेळवण्याचं काम वायुकोष करतात. बहुतेक पक्ष्यांत ते नऊ असतात आणि त्यांना फुगवायला-दाबायला छातीचा सांगाडा हलावा लागतो, लोहाराच्या भात्यासारखा. श्वास घेताना बरगड्या पुढे आणि बाहेर सरकतात, उरोस्थी म्हणजे छातीचं मोठं हाड खाली आणि पुढे जातं. सोडताना ते स्नायूंच्या जोराने परत वर येतं. म्हणजे श्वास घेणं आणि सोडणं, दोन्हीला ताकद लागते.

यासाठी बरगडीची घडणही वेगळी असते. प्रत्येक मुख्य बरगडी दोन तुकड्यांची असते. वरचा तुकडा मणक्याला दोन टोकांनी जोडलेला, खालचा उरोस्थीच्या कडेला बसलेला, आणि दोन्हींच्या मध्ये हलणारा सांधा. माणसाच्या छातीत खालचा भाग कूर्चेचा असतो, पक्ष्यात तो पक्क्या हाडाचा असतो. पुढच्या एक-दोन बरगड्या आखूड असून उरोस्थीपर्यंत पोहोचतच नाहीत. वरच्या तुकड्यांपासून मागे वळलेला एक चपटा काटा निघतो, अनसिनेट प्रोसेस. तो मागच्या बरगडीवर आडवा पडतो. छाती बळकट करणं हे त्याचं काम पूर्वीपासून सांगितलं जातं, पण त्याला जोडलेले स्नायू तो तरफेसारखा वापरून बरगडी पुढे ओढतात, हे त्याहून महत्त्वाचं. चालणाऱ्या पक्ष्यांत हा काटा आखूड असतो, पाण्यात बुडी मारणाऱ्यांत सर्वांत लांब, आणि उडणारे बाकीचे या दोहोंच्या मध्ये येतात.

उरोस्थी पुढच्या टोकाला खांद्याच्या हाडांना सांध्याने जोडलेली असते, त्यामुळे ती बिजागरीवर हलते आणि तिचं मागचं टोक सर्वांत जास्त खालीवर होतं. पट्टी, सुतळी किंवा हाताची पकड जितकी मागे जाते तितका श्वास जास्त अडतो. या मादीची सुतळी नेमकी मांड्यांच्या पुढे, मागच्या भागावर बांधली होती.

म्हणून शिकारी पक्षी धरायचा तो पाय आणि मिटलेले पंख बाजूंनी धरून. तळहात छातीच्या धारेवर येता कामा नये. नख्या धोकादायक असतात म्हणून आधी पाय ताब्यात घ्यायचे. चोचीची भीती लोकांना जास्त वाटते, शिक्र्याच्या बाबतीत ती अनाठायी आहे. पेटी पुठ्ठ्याची, शेपूट वाकणार नाही इतकी लांब, तळाला जुना टॉवेल, भोकं खालच्या बाजूला. तारेचा पिंजरा नको. घाबरलेला शिक्रा जाळीवर आदळत राहतो आणि छातीच्या धारेवरची कातडी फाटते. तिथे मांस नसतं, हाडावर थेट कातडी असते, त्यामुळे ती जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही. पाणी-दूध चोचीत ओतायचं नाही, ते थेट श्वासनळीत जातं.

हाताने तपासणी

वजन १७५ ग्रॅम. डोळा पिवळा, वरचा रंग तपकिरी छटेचा राखाडी, म्हणजे प्रौढ मादी. नराचा डोळा तांबडा असतो आणि तो आकाराने बराच लहान असतो.

पहिली तपासणी छातीच्या धारेची. उरोस्थीच्या मधोमध उभी हाडाची धार असते. तिच्या दोन्ही बाजूंना पंख खाली मारणारा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस, आणि त्याच्या खाली, हाडाला लागून, पंख वर उचलणारा सुप्राकोराकॉइडियस. बोट धारेवरून आडवं फिरवलं की स्नायू किती भरलेला आहे ते कळतं. एक ते पाच अशी मोजपट्टी वापरतात. एकमध्ये धार सुरीसारखी टोचते आणि दोन्ही बाजू खोल गेलेल्या असतात, पाचमध्ये धार जवळजवळ लपते. ही मादी तीनवर होती. याचा अर्थ ती काल-परवापर्यंत शिकार करत होती आणि इजा ताजी आहे. असाच न उडणारा पक्षी एक किंवा दीडवर असता, तर इजा जुनी धरावी लागली असती आणि हाडाआधी उपासमारीवर उपचार करावे लागले असते.

ही मोजपट्टी सगळ्या शिकारी पक्ष्यांना एकाच मापाने लावू नये. शिक्रा आणि ससाणे पंख जोरात मारून उडतात, त्यांची धार उंच आणि स्नायू भरदार. घार तरंगत जास्त फिरते, तिच्यात पंख उचलणारा स्नायू शरीराच्या मानाने छोटा असतो. गव्हाणी घुबडाची छाती तर मुळातच हलकी असते. शिक्र्याच्या सवयीने घुबड चाचपलं की धडधाकट पक्षीही उपाशी वाटतो आणि त्याला अकारण कोंबून खाऊ घातलं जातं.

पंखाची हाडं खांद्यापासून टोकापर्यंत एकेक करून चाचपली. सगळी सलग. कोपर आणि मनगट मोकळे. पंख वर नेताना मात्र खांद्याच्या आतल्या बाजूला बारीक करकर बोटाला जाणवली. उजव्या खांद्याजवळची पिसं कोमट पाण्याने ओली करून बाजूला केली. स्पिरिटने कातडी जास्त स्वच्छ दिसते, पण एवढ्याशा पक्ष्याला ते बर्फासारखं गार पडतं. कातडीखाली तांबूस ठसा होता. दोन दिवसांनी तो हिरवा झाला. पक्ष्यांत रक्ताच्या विघटनातलं हिरवं द्रव्य पुढे पिवळं होत नाही, त्यामुळे मुका मार हिरवाच दिसतो. त्याला कुजणं समजून प्रतिजैविकं सुरू करणारे आहेत.

खांद्याखालचा टेकू

पक्ष्याचा खांदा तीन हाडांवर उभा असतो. पाठीवर मणक्याला समांतर, बरगड्यांवर झोपलेलं पात्यासारखं खांद्याचं हाड. पुढे दोन्ही हासळ्या जुळून झालेली फर्क्युला, शिकारी पक्ष्यांत ती जाड आणि रुंद कमानीची असते. आणि तिसरं कोराकॉइड, जाडजूड खांब, ज्याचं खालचं टोक उरोस्थीच्या पुढच्या कडेच्या खाचेत बसतं आणि वरचं टोक खांद्याच्या सांध्यात जातं. पंख खाली मारताना पेक्टोरॅलिस खांद्याला छातीकडे ओढतो. त्या ओढीने छाती चेपली जाऊ नये म्हणून मध्ये हा खांब लागतो.

तिन्ही हाडं जिथे भेटतात तिथे एक छोटी वाट तयार होते, ट्रायॉशियल कॅनाल. छातीवरच्या सुप्राकोराकॉइडियस स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, या वाटेतून वर जाऊन दंडाच्या हाडाला वरच्या बाजूने जोडला जातो. स्नायू खाली आकसतो आणि पंख वर उचलला जातो, कारण कंडरा मध्येच कप्पीवरून वळावा तसा वळतो. कोराकॉइड मोडलं की कप्पीचा आधारच सरकतो. पंख धड असूनही वर जात नाही. या मादीचं लक्षण नेमकं हेच होतं.

ताणतारेवर समोरून आदळल्यावर जोर खांद्याच्या टोकावर येतो आणि कोराकॉइडच्या लांबीतून उरोस्थीकडे उतरतो. फर्क्युला थोडी वाकून सावरते. कोराकॉइड वाकत नाही, बहुतेकदा मध्यावर मोडतं. काचेवर किंवा तारेवर आदळलेला, पंख किंचित खाली सोडलेला आणि जखम नसलेला शिकारी पक्षी आला, तर एक्स-रेपूर्वीच हा संशय धरावा.

एक्स-रे : काय दिसतं आणि काय भासतं

थोडी भूल देऊन दोन चित्रं घेतली, एक पाठीवर झोपवून आणि एक कुशीवर. पाठीवर झोपवणं म्हणजे पोटातल्या अवयवांचा भार वायुकोषांवर घेणं, म्हणून जुळवाजुळव आधी आणि पक्षी शेवटी. साधारण ४५ ते ५५ किलोव्होल्ट आणि जमेल तितका कमी वेळ.

पाठीवरच्या चित्रात छातीच्या धारेची रेघ मणक्याच्या रेघेवर बरोबर पडली पाहिजे. ती सरकली असेल तर पक्षी तिरका आहे. मग एक कोराकॉइड आखूड आणि जाड दिसतं आणि धड हाड मोडलेलं वाटतं किंवा मोडलेलं सुटून जातं. पहिलं चित्र असंच वाकडं आलं आणि ते बाजूला टाकावं लागलं. दुसऱ्यात डावं कोराकॉइड सरळ, उजवं मध्यावर तुटून टोकं सुमारे दोन मिलिमीटर एकमेकांवर चढलेली. खालचं टोक उरोस्थीच्या खाचेत जागेवर होतं, ही चांगली बाब. ते खाचेतून निसटलेलं असतं तर खांबाला पायाच उरत नाही. कुशीवरच्या चित्रात दोन्ही कोराकॉइड एकमेकांवर पडतात, एकट्या त्या चित्रावर निर्णय घेऊ नये. संशय राहिला तर किरण शेपटीकडून सुमारे ४५ अंश तिरके सोडून तिसरं चित्र घ्यावं, त्यात खांद्याची तिन्ही हाडं सुटी दिसतात.

कोंबडीची किंवा कुत्र्याची चित्रं पाहून डोळा तयार झालेल्यांना इथे तीन ठिकाणी हमखास चकवा बसतो. पहिला, अनसिनेट प्रोसेस मागच्या बरगडीला आडवा छेदतो आणि तिथे तडा गेल्यासारखी रेघ दिसते. तशीच रेघ पुढच्या सगळ्या बरगड्यांवर ओळीने असेल तर तो सांगाड्याचा भाग आहे. दुसरा, बरगडीच्या दोन तुकड्यांमधला कोन. तो इतका तीव्र असतो की मोडून वाकल्यासारखा वाटतो. तिसरा उरोस्थीच्या मागच्या कडेला. ससाण्यांत तिथे दोन छिद्रं असतात. शिक्रा, घार, गरुड यांच्या कुळात छिद्रांची एक जोडी असते किंवा ती वयाबरोबर भरून हाड सलग झालेलं असतं. बहुतेक घुबडांत छिद्रांऐवजी चार खाचा. एकाच बाजूचं छिद्र भरलेलं, दुसरं उघडं, असंही आढळतं, आणि मग उघड्याला छर्‍याचं भोक ठरवलं जातं. छर्‍याच्या वाटेवर बहुधा धातूचे कण किंवा हाडाच्या किरचा सापडतात. जन्मजात छिद्राची कड गुळगुळीत असते.

हृदय आणि यकृताच्या सावल्या ठीक होत्या. खांद्यामधल्या वायुकोषात मात्र उजवीकडे किंचित धूसर होतं, थोडा रक्तस्राव. तो आपोआप जिरला.

शस्त्रक्रिया टाळली, ती का

कोराकॉइडच्या आतून सळई घालता येते. पण सळई उरोस्थीच्या दिशेने जाते आणि उरोस्थीच्या पुढच्या भागाच्या लगेच आत हृदय असतं. १७५ ग्रॅमच्या पक्ष्यात मिलिमीटरभर चूकही परवडत नाही. हे हाड चहूबाजूंनी स्नायूंत रुतलेलं असल्यामुळे टोकं थोडी चढलेली असली तरी स्नायूच त्यांना धरून ठेवतात. लहान-मध्यम पक्ष्यांत, खालचा सांधा शाबूत असताना, नुसत्या विश्रांतीने हे हाड चांगलं जुळतं. तोच मार्ग घेतला.

वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम. डायक्लोफिनॅकचा विचारही नको. गिधाडांवर त्याचे परिणाम दिसल्यावर २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅकही बंद झाले. मेलॉक्सिकॅमचं गुरांसाठीचं इंजेक्शन मिलीला ५ मिलिग्रॅमचं असतं. किलोला अर्धा मिलिग्रॅम या मापाने या मादीचा डोस ०.०१७५ मिली येतो, आणि तो कुठल्याही सिरिंजवर मोजता येत नाही. एका भागात नऊ भाग सलाइन मिसळून ०.१७५ मिली दिलं. टोचण्याची जागा डावा, धड पेक्टोरॅलिस, धारेपासून जरा बाजूला, मागच्या अर्ध्यात. पुढच्या भागात मोठ्या रक्तवाहिन्या असतात. कोमट रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखं क्षारांचं द्रावण) दिवसाला ९ मिलीच्या आसपास, तीनदा विभागून, मांडीपुढच्या सैल कातडीखाली. हाडातून द्रव द्यायची वेळ आलीच तर दंडाचं हाड वापरायचं नाही, ते वायुकोषाला जोडलेलं असतं आणि द्रव श्वसनमार्गात जातो.

पट्टी बांधायची की नाही यावर जाणकारांत दोन मतं आहेत. शांत घुबड असतं तर पट्टीशिवाय ठेवता आलं असतं. शिक्र्याच्या जातीची तडफड पाहता पहिला आठवडा पट्टी बांधली. कातडीला न चिकटणारी, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, अडीच सेंटीमीटर रुंदीची उभी अर्धी कापून. उजव्या पंखाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा, आणि तो अंगाशी धरायला एक वेढा छातीभोवती. हा दुसरा वेढा डाव्या पंखाच्या खालून, छातीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावरूनच जाईल अशा बेताने घेतला. बांधताना पट्टी ताणायची नाही, गुंडाळीतून आधी सोडवून सैल करून मग ठेवायची. बांधल्यावर पाच मिनिटं लांबून श्वास पाहिला. शेपूट हलू लागली म्हणून एकदा सोडून परत बांधली.

पट्टी दर तिसऱ्या दिवशी सोडून कोपर-मनगट हळू उघडमीट केले. तसं न केल्यास पंखाच्या पुढच्या कडेची कातडी आखडते आणि हाड जुळूनही पक्षी उडत नाही. आठव्या दिवशी पट्टी काढली ती कायमची.

पेटीतले तीन आठवडे

पेटीची उंची एवढीच की उडी मारता येऊ नये. बसायला जमिनीपासून चार बोटं उंच दांडी, वर दोरीचा जाडसर वेढा, म्हणजे तळपायाला गाठी येत नाहीत. शेपटीची पिसं मोडू नयेत म्हणून तिला जुन्या एक्स-रे फिल्मचं आवरण.

रोजचा आहार ३५ ते ४५ ग्रॅम. हॅचरीतून मिळणारी एक दिवसाची मृत नर पिल्लं, पिवळा बलक काढून, आणि अधूनमधून लावी. पहिल्या दोन जेवणांत पिसं-हाडं काढून नुसते मऊ तुकडे. त्यानंतर मात्र हाडासकट. नुसतं बोनलेस चिकन देणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं, जुळणाऱ्या हाडाला माती मिळते पण विटा मिळत नाहीत. पिल्लाला असा आहार महिनाभर दिला तर छातीची धारच वाकडी होते आणि ती नंतर सरळ होत नाही.

रोज सकाळी खाण्यापूर्वी वजन. चौथ्या दिवशी ते १६८ पर्यंत उतरलं, दहाव्या दिवशी १७४ वर आलं. छातीचं माप तीनवरून अडीच झालं, कारण न वापरलेला स्नायू लवकर झिजतो. धारेच्या दोन्ही बाजू बोटांनी रोज ताडून पाहिल्या. एकच बाजू खोल जाऊ लागली तर त्या खांद्याच्या मज्जातंतूला इजा झाल्याचा संशय घ्यावा लागतो. इथे दोन्ही बाजू सारख्याच उतरल्या.

एकविसाव्या दिवशीच्या चित्रात तुटलेल्या जागी गाठ धरलेली होती, टोकं अजून किंचित चढलेली. बोटाला करकर नव्हती. चित्रातली फट पुसली जायची वाट पाहिली तर पक्षी आणखी तीन आठवडे अडकतो. हात आणि हालचाल यांवरून ठरवावं.

सोडण्याआधीची परीक्षा

बंद शेडमध्ये, भिंतींना हिरवी नेट लावून, आठवडाभर मोकळं सोडलं. सरळ रेषेत उडता येणं पुरेसं नाही. बरं न झालेलं कोराकॉइडही पक्ष्याला आडवं उडू देतं. खरी कसोटी जमिनीवरून जवळजवळ उभं वर उठण्याची, कारण तिथे पंख उचलणारा स्नायू आणि ट्रायॉशियल कॅनालमधला कंडरा पुरा राबतो. कॅनालच्या तोंडाशी हाडाची गाठ मोठी झाली असेल तर तो इथे अडखळतो. दोन मीटर उंचीच्या दांडीवर तिने पहिल्या दिवशी तीनपैकी एकदाच झेप पूर्ण केली. सहाव्या दिवशी दहाच्या दहा. दोन्ही पंख वरच्या टोकाला सारख्या उंचीवर जाताहेत का, हे मोबाइलच्या संथ चित्रीकरणात पाहिलं. डोळ्याला ते दिसत नाही. सलग दहा झेपांनंतर चोच दोन मिनिटांत मिटली, वजन १७९. झेप अर्ध्यावर अडकली असती तर आणखी दोन आठवडे, आणि तरीही सुधारणा नसती तर तिला सोडता आलं नसतं. सरडा-चिमणी पकडता न येणारा शिक्रा रानात उपाशी मरतो.

वनविभागाच्या उपस्थितीत तिला त्याच परिसरात, सकाळी लवकर, पण जाळ्या टाकलेल्या बागांपासून दूर ओढ्याकाठच्या बाभळींत सोडलं.

बागेत दोन बदल करून घेतले. जाळीच्या सगळ्या कडा जमिनीपर्यंत ओढून माती टाकून दाबल्या, म्हणजे चिमण्या आत जात नाहीत आणि त्यांच्यामागे शिक्राही. आणि प्रत्येक ओळीच्या टोकाच्या ताणतारेला, जमिनीपासून अर्ध्या ते दीड मीटरपर्यंत, हातभर अंतराने चकाकत्या पट्टीचे तुकडे बांधले. पाखरं पळवायला ही पट्टी बागेत आधीच असते, फक्त ती मांडवावर लावतात, जिथे शिक्रा आदळत नाही.